मागे टाकणे आणि ओलांडणे

पुढच्या वाहनाच्या पुढे निघून जाण्याच्या क्रियेसाठी मराठीत दोन क्रियापदे आहेत : 'मागे टाकणे' आणि 'ओलांडणे'. बोलताना आपण सारेच 'ओव्हरटेक' म्हणतो आणि या दोहोंतला भेद बुजवून टाकतो. 'मागे टाकणे' यात स्पर्धा आहे, दुसऱ्याचा पराभव अध्याहृत आहे. 'ओलांडणे' मात्र नदीशी, उंबरठ्याशी, डोंगराशी जोडलेले आहे. नदी ओलांडणारा नदीला हरवीत नसतो. पाण्याचा अदमास घेऊन, पलीकडचा काठ नजरेत धरून तो पाऊल टाकतो. कऱ्हाडहून कुंभार्ली घाटाने चिपळूणला मोटारसायकलवरून आम्ही वर्षानुवर्षे ये-जा करीत आलो आहोत. या वाटेने आम्हांला काही शिकवले असेल तर ते हा शब्दार्थांतला भेद.

ओलांडणे ही मुळात वाचनाची क्रिया आहे. पुस्तक नाकाला टेकवून वाचता येत नाही. तसेच बसच्या मागच्या काचेला चिकटून रस्ता वाचता येत नाही. अधीर स्वार पुढे जाण्याच्या ओढीने बसच्या अगदी जवळ सरकतो आणि जितका जवळ जातो तितका आंधळा होतो. अंतर राखून मागे राहिले म्हणजे बसच्या दोन्ही अंगांनी पुढचा रस्ता थोडा थोडा उलगडू लागतो. समोरची दृष्टी मिळाली की आरसा पाहायचा, मान वळवून उजवा खांदाही पाहायचा. कारण त्याच क्षणी आपल्यालाच कोणी ओलांडीत असण्याचा संभव असतो. मग इशारा, आवश्यक तर खालचा गिअर, आणि त्यानंतरच उजवीकडे निघायचे. पुन्हा डावीकडे यायचे तेही डाव्या आरशात बसचे अखंड तोंड दिसल्यावरच.

या क्रियेचे गणित आम्ही एकदा कागदावर मांडले. बस ताशी ५० किलोमीटरने चालली आहे, आपण ७०ने. बसची लांबी सुमारे १२ मीटर. मागे २० आणि पुढे २० मीटरचे अंतर सोडायचे, त्यात आपल्या गाडीची लांबी मिळवायची. गतीतला फरक केवळ २०चा असल्याने या ५४ मीटरांना जवळजवळ दहा सेकंद लागतात. तेवढ्या अवधीत आपण सुमारे १९० मीटर रस्ता तोडतो, आणि समोरून ७०च्या गतीने येणारे वाहनही तितकाच तोडते. म्हणजे उजवीकडे निघताना किमान ३८० मीटर रस्ता मोकळा दिसावयास हवा. घाटात इतका सरळ रस्ता क्वचितच मिळतो. वळणापाशी आणि चढाच्या माथ्यापाशी ओलांडण्यास नियमांनी मज्जाव केला आहे, त्यामागे हेच साधे अंकगणित आहे. उलट, दहा किलोमीटरच्या सपाट वाटेवर ५०ऐवजी ६०ने गेल्यास वाचतात ती दोन मिनिटे!

वाचन म्हटले की संदिग्धता आलीच. पुढच्या ट्रकचा उजवा दिवा लुकलुकू लागतो. त्याचा अर्थ 'मी उजवीकडे वळतो आहे' असा असू शकतो, 'समोरून गाडी येते आहे, थांब' असा असू शकतो, आणि 'जा पुढे' असाही असू शकतो. चिन्ह एक, अर्थ तीन. त्यांपैकी एक जीवघेणा. काव्यात अनेकार्थता हे वैभव असेल, रस्त्यावर ती सापळा ठरते. ट्रकच्या पाठीवरच्या 'हॉर्न ओके प्लीज' या अजरामर पंक्तीवर २०१५ साली महाराष्ट्रात बंदी घालण्यात आली. हॉर्न वाजवला म्हणजे वाट मिळालीच, अशी समजूत त्या तीन शब्दांनी पिढ्यान्‌पिढ्या जोपासली, याचे आम्हांला अधिक वाईट वाटते. हॉर्न ही सूचना असते, संमती नव्हे.

त्याहून घातक म्हणजे उसना अर्थ. पुढची मोटार बसला ओलांडण्यास निघाली की तिच्या शेपटाला धरून निघणारे स्वार आम्ही नित्य पाहतो. तिला दिसलेली मोकळी जागा तिची असते. आपण तेथे पोहोचेतो ती उरलेली नसते. दुसऱ्याने लावलेला अन्वयार्थ घेऊन परीक्षेत उत्तीर्ण होता येते, येथे मात्र प्रत्येकाने मूळ संहिता स्वतःच वाचावी लागते. गळीत हंगामात तर ती अंधारातच वाचावी लागते. ट्रॅक्टरचा आवाज पुढून ऐकू येतो, परंतु त्याच्या मागे उसाच्या दोन ट्रॉल्या असतात. दिवे नसतात, असलेच तर पाल्याआड गेलेले असतात. एका ट्रॉलीच्या हिशेबाने निघालेल्यास दुसरी ट्रॉली संपता संपत नाही. समोर दिसणारा एकुलता दिवा मोटारसायकलचा, की एक डोळा गेलेल्या टेंपोचा, हेही तेव्हाच ठरवायचे असते.

आणि या वाचनात एक मूक सहवाचक असतो : मागच्या सीटवर बसलेले माणूस. आमच्या सहचारिणीला आमच्या हेल्मेटपलीकडचे फारसे काही दिसत नाही. निर्णय आमचा, जोखीम दोघांची. आमच्या खांद्यावरची तिची बोटे आवळली की आमच्या निर्णयाचे परीक्षण झाले, असे आम्ही समजतो. एका पावसाळ्यात सबंध घाट आम्ही एका बसच्या मागे राहून उतरलो. खाली चहाला थांबलो तेव्हा ती म्हणाली, "अहो, इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा मी घाटातले धबधबे नीट पाहिले." आम्हांला मिळालेला हा सर्वांत मोठा अभिप्राय होय.

ओलांडण्याचा निर्णय एकदाच घ्यायचा नसतो. बसच्या मध्यापर्यंत तो क्षणोक्षणी पुन्हा घ्यावा लागतो, आणि तोवर गती उतरवून मागे येण्याची मुभा असते. मात्र मागची जागा दुसऱ्याने व्यापलेली नसावी, म्हणून आरसा. माघार या शब्दाला आपल्याकडे उगाच अपकीर्ती लाभली आहे. गनिमी काव्याचा अभिमान मिरवणाऱ्या आपल्या भाषेला तरी हे शोभत नाही. वेळेवर घेतलेली माघार हा त्या युद्धपद्धतीचा अर्धा भाग होता. मोटारसायकलवर तर तो अर्ध्याहूनही अधिक आहे.