शालिमारचा मागे राहणारा गंध

‘शालिमार’ म्हटले की आपल्या लोकांना काश्मीर आठवते, लाहोर आठवते. जगातल्या श्रीमंत स्त्रियांना मात्र पॅरिसची एक कुपी आठवते. गेर्लां या फ्रेंच अत्तरवाल्या घराण्यातील जॅक गेर्लां यांनी तिच्यातला सुगंध तयार केला. १९२५ साली पॅरिसला सजावटीच्या कलांचे मोठे प्रदर्शन भरले, तिथे तो लोकांपुढे आला. ‘आर्ट डेको’ हे नाव पुढे याच प्रदर्शनावरून रूढ झाले. बाकारा येथील काचकारखान्यात घडलेली ही कुपी मोगल बागेतल्या कारंज्याच्या हौदासारखी दिसते. वर पंख्याच्या आकाराचे निळे बूच.

आमच्या कोकणातल्या घरांत आखातातून येणाऱ्या बॅगेत खजूर, साबण आणि सेंटची बाटली असायचीच. अशाच एका बॅगेतून ‘शालिमार’ आमच्याकडे आले. लावल्याबरोबर बर्गमॉट या लिंबाच्या जातीच्या फळाचा तरतरीत वास आला. थोड्या वेळाने तो ओसरला आणि गुलाब, चमेली वर आली. रात्री उरला तो व्हॅनिलाचा आणि धुपासारख्या राळेचा जड, गोड वास. दुसऱ्या दिवशी ओढणी हुंगून खाला म्हणाल्या, “अगं, हा तर ईदच्या स्वयंपाकघराचा वास!” आम्ही सगळे हसलो, पण त्यांनी बरोबर ओळखले होते. अत्तराची परीक्षा पहिल्या दरवळावर होत नाही, कपड्यावर मागे काय राहते त्यावर होते.

या कुपीबरोबर एक गोष्टही विकली जाते. शाहजहान, मुमताज आणि त्यांच्या प्रेमाची शालिमार बाग. आम्ही उर्दू शाळेत इतिहास शिकवतो. ताजमहालच्या धड्याला एका मुलीने विचारले, “मुमताजला स्वतःला काय हवं होतं?” पुस्तकात याचे उत्तर नव्हते. आम्ही फळ्यावर सनावळ्या मांडल्या. १६१२ साली निकाह. १६३१ साली बुऱ्हाणपुरात, आपल्या खानदेशाच्या उंबरठ्यावर, चौदाव्या बाळंतपणात मृत्यू. वय अडतीस. काश्मीरची शालिमार बाग सासरे जहांगीर यांच्या हुकुमाने १६१९च्या सुमारास सुरू झाली. लाहोरची शाहजहानने उभारली. पण तिचे काम १६४१ साली निघाले, म्हणजे मुमताजला जाऊन दहा वर्षे झाल्यावर. एकोणीस वर्षांचा संसार आणि चौदा बाळंतपणे! वर्गात कुणी बोलेना.

दुसरी हकीकत खुद्द जहांगीरच्या ‘तुझुक’मध्ये आहे. गरम गुलाबपाण्यावर तेलाचा तवंग येतो, हे नूरजहानच्या आईने, अस्मत बेगमने हेरले. तो तवंग तिने थोडा थोडा जमवला आणि गुलाबाचे अत्तर झाले. तिच्या मेहनतीचे श्रेय बादशहाने मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. अत्तराचे नाव मात्र पडले ‘इत्र-ए-जहांगिरी’. डोळा बाईचा, हात बाईचा, नाव बादशहाचे.

म्हणून ती फ्रेंच कुपी वाईट ठरत नाही. तिच्यात कसब आहे, आणि मोगल हौदाचा घाट परक्या कारागिरांना भावला याचा आनंदही आहे. आमचे भांडण तिच्याशी नाही, आपल्या सवयीशी आहे. शानोशौकतीचा पहिला दरवळ आला की आपण ‘वाह’ म्हणतो आणि पुढे जातो. आमच्या वर्गात बसलेल्या मुलींपैकी किती जणींचे निकाह दहावीच्या आधी ठरतील, या विचाराने आमची झोप उडते. त्यांना ताजमहाल दाखवायचा आणि बुऱ्हाणपूर लपवायचे, हे आम्हाला जमणार नाही.

आता हा धडा आला की आम्ही ‘मुमताज महल’ या किताबाच्या आधी फळ्यावर तिचे नाव लिहितो: अर्जुमंद बानो. मुली ते वहीत उतरवून घेतात. मग प्रश्न सुरू होतात, आणि तास पुरत नाही.