वाचून दाखवण्याची मजुरी

साने गुरुजींची 'श्यामची आई' मुळात सांगितली गेली आहे. आश्रमात रात्रीची प्रार्थना आटोपली की श्याम बोलायला लागतो, मित्र भोवती बसतात आणि दापोली तालुक्यातल्या पालगडच्या आठवणी बेचाळीस रात्री चालतात. म्हणून तर पुस्तकातल्या प्रकरणांना रात्री असं नाव आहे. अशा पुस्तकाला वाचणारा आवाज मिळायला कायद्याची आडकाठीही उरलेली नाही. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं हक्क राहतो. पूर्वी तो पन्नास वर्षं होता. रवींद्रनाथांच्या साहित्याची मुदत संपत आली तेव्हा १९९२ मध्ये त्यात दहा वर्षांची भर पडली. गुरुजी १९५० च्या जूनमध्ये गेले, त्यामुळे १ जानेवारी २०११ पासून 'श्यामची आई' कोणीही छापावी आणि कोणीही मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करावी. छापणाऱ्यांनी या मुभेचा फायदा लगेच उचलला. दुकानात निरनिराळ्या प्रकाशकांच्या स्वस्त प्रती आज शेजारी शेजारी दिसतात. कानाच्या बाबतीत तसं झालं नाही. 'श्यामची आई' लोकप्रिय असल्यामुळे तिची वाचनं तरी सापडतात, पण हरिभाऊ आपट्यांपासून पुढच्या मोकळ्या झालेल्या गद्याचं संपूर्ण, नीट वाचलेलं आणि कायम आपल्याजवळ ठेवता येईल असं मोफत ध्वनिमुद्रण शोधू लागलं की हात रिकामे राहतात. याचं कारण मला साधं दिसतं. पुस्तक मोकळं झालं म्हणून त्याचं वाचन मोकळं होत नाही, कारण वाचून दाखवणं हे वेगळं काम आहे. कायदाही ते वेगळं मानतो आणि प्रत्येक नव्या ध्वनिमुद्रणाला त्याचा स्वतःचा साठ वर्षांचा हक्क देतो. या कामाची मजुरी कोणी द्यायची हे आपण अजून ठरवलेलं नाही. माझ्या मते ती सार्वजनिक संस्थेने एकदाच द्यावी, प्रत्येक श्रोत्याने दरमहा देत बसू नये.

या मागणीवर पहिला आक्षेप येतो तो पुस्तकप्रेमींकडूनच. ऐकणं म्हणजे काही वाचन नव्हे, मग एवढा खटाटोप कशासाठी? पण मराठी गद्याची आणि पद्याची सवय आपल्याला लागली ती कानानेच. श्रावणात 'शिवलीलामृत' किंवा 'पांडवप्रताप' लावायचा म्हणजे एकाने वाचायचा आणि ओसरीवर बसलेल्या बाकीच्यांनी ऐकायचा. छापील कादंबरी आली तरी ही वाटणी फारशी मोडली नसावी. हरिभाऊंची 'पण लक्षात कोण घेतो?' १८९० पासून 'करमणूक' साप्ताहिकातून हप्त्याहप्त्याने येऊ लागली, आणि १९०१ च्या जनगणनेत देशातले साक्षर शंभरात जेमतेम पाच होते. तिच्या नायिकेची, यमूची कहाणी पाचांच्या बाहेर पोचली असेल तर ती कोणीतरी वाचून दाखवली म्हणूनच. पुढे रेडिओ आला, मग कॅसेट आली. कॅसेटने आपल्या आवडीला नकळत कात्री लावली, हे सहसा कोणी बोलत नाही. फितीची लांबी साठ नाहीतर नव्वद मिनिटं. त्यात कथाकथन नेमकं बसतं, कादंबरी बसत नाही. पु. ल. देशपांडे, शंकर पाटील, द. मा. मिरासदार, व. पु. काळे घराघरांत ऐकले गेले याला त्यांची ताकद कारण आहेच, पण फितीची लांबीही कारण आहे. हरिभाऊ आपटे, लक्ष्मीबाई टिळक फितीबाहेर राहिले. आता फोनमध्ये वीस तासांचं पुस्तक सहज मावतं, तरी ते बाहेरच आहेत.

आणि माणसाच्या आयुष्याचा क्रमही या आक्षेपाला उत्तर देतो. अक्षर कळण्याआधी मूल ऐकतं. मधली चाळीस-पन्नास वर्षं डोळ्यांची. मोतीबिंदू झाला, हातात जाड पुस्तक धरवेना, की माणूस पुन्हा कानाकडे वळतो. रत्नागिरी जिल्ह्यात हे जरा जास्तच खरं आहे, कारण मुलं मुंबई-पुण्याला आणि घरी म्हातारी माणसं, हे चित्र इथल्या वाडीवाडीत आहे. वाचून दाखवणारं माणूसच घरात नसतं. मधल्या वयातले चाकरमानी मुंबई ते रत्नागिरी सहा-सात तास गाडीत बसतात. तेव्हा त्यांना कान असतात, पण नेटवर्क असेलच असं नाही. वाटेतला करबुड्याचा रेल्वे बोगदाच साडेसहा किलोमीटरचा आहे. म्हणून मी फोनमध्ये उतरवून ठेवता येणाऱ्या, कोणाला न विचारता दुसऱ्याला देता येणाऱ्या फाइलचा आग्रह धरतो.

इंग्रजी ऐकणाऱ्याची ही सोय झालेली आहे. २००५ मध्ये माँट्रियलच्या ह्यू मॅग्वायर यांनी 'लिब्रिवॉक्स' सुरू केलं. जगभरचे हौशी लोक घरी बसून हक्क संपलेली पुस्तकं वाचतात, दुसरं कोणी ते ऐकून चुका तपासतं, आणि तयार झालेलं वाचन जगाला देऊन टाकलं जातं. त्यावर कोणाचाही हक्क ठेवत नाहीत. डिकन्स, ऑस्टिन, टॉलस्टॉयची भाषांतरं, सगळं तिथे आहे. वाचन कधी उत्तम, कधी कंटाळवाणं, पण आहे. मराठीचा वाटा मात्र नगण्य. आपल्या आळसाबरोबर त्याला एक कायदेशीर अडचणही आहे. ही चळवळ अमेरिकेतले नियम पाळते, आणि भारतातली मुदत ज्यांची १९९६ च्या आरंभी संपलेली नव्हती अशा पुस्तकांना अमेरिकेत प्रकाशनापासून पंचाण्णव वर्षं संरक्षण आहे. 'श्यामची आई' १९३५ ची. म्हणजे पालगडमध्ये ती २०११ पासून मोकळी, पण अमेरिकेत २०३० संपेपर्यंत बांधलेली. हरिभाऊ आणि गडकरी १९१९ मध्ये गेले, लोकमान्य १९२० मध्ये. त्यांची हयातीत छापलेली पुस्तकं दोन्हीकडे मोकळी आहेत, आणि तीही तिथे कोणी वाचलेली नाहीत म्हटलं तरी चालेल. मधल्या काळातल्या लेखकांसाठी आपल्याला आपलीच जागा हवी, परक्या ओसरीवर ते बसू शकणार नाहीत.

पैसे देऊन ऐकायचं असेल तर आता बरंच आहे, हे मान्य करायला हवं. 'स्टोरीटेल' २०१७ मध्ये भारतात आलं आणि मराठीला त्यांनी पहिल्यापासून महत्त्व दिलं. 'ऑडिबल' २०१८ मध्ये आलं. चांगल्या नटनट्यांना, निवेदकांना यामुळे वाचनाचे पैसे मिळू लागले, हे या मंडळींचं मोठं काम. वर्गणीही फार नसते, सणासुदीला सवलत असते, सुरुवातीचे काही दिवस फुकट असतात. मग तक्रार कसली? तक्रार किमतीची नाहीच. खांडेकर २०३६ संपेपर्यंत, पुलं २०६० पर्यंत, 'गारंबीचा बापू' लिहिणारे श्री. ना. पेंडसे २०६७ पर्यंत हक्काखाली आहेत. त्यांच्यासाठी जरूर पैसे मोजावेत, त्यात लेखकाच्या घरच्यांचाही वाटा असतो. पण जे पुस्तक सगळ्यांचं झालं, त्याचंही वाचन आपण भाड्याने घेतो. वर्गणी थांबली की ते हातातून जातं. कोणतं पुस्तक ठेवायचं आणि कोणतं काढायचं हे कंपनी ठरवते, आणि फारसं न ऐकलं जाणारं जुनं पुस्तक वाचून घेण्यात तिला काही लाभ नाही. लाभ पाहणं हा तिचा धर्मच आहे, त्यासाठी तिला बोल लावण्यात अर्थ नाही. सवलती शोधणाऱ्याला माझा एकच सल्ला. फुकटचे दिवस आणि स्वस्त महिने हक्काखालच्या पुस्तकांवर खर्च करावेत, ती दुसरीकडे रीतसर फुकट मिळणारच नाहीत.

रीतसर हा शब्द मुद्दाम वापरला, कारण यूट्यूबवर सगळंच मिळतं असं म्हणणारे आहेत. मिळतं. पुलंचा 'अंतू बर्वा' तिथे कितीतरी जणांनी चढवला असेल. रत्नागिरीच्या त्या खवचट म्हाताऱ्याला रत्नागिरीकरांनी फुकट ऐकायचं नाही तर कोणी, असाही युक्तिवाद ऐकू येतो. पण पुलंचे हक्क अजून चालू आहेत, आणि मानधनाच्या व हक्कांच्या बाबतीत त्यांच्या पत्नी सुनीताबाई किती काटेकोर होत्या हे त्यांच्या माहेरच्या या गावाला सांगायला नको. नीतीचा भाग सोडला तरी व्यवहारात ते टिकाऊ नाही. हरकत आली की चित्रफीत एका दिवसात नाहीशी होते, अर्धं पुस्तक वाचून हौशी वाचक थांबलेला असतो, मधेच जाहिरात घुसते. दृष्टिहीनांसाठी तर चोरीची गरजही नाही. २०१२ च्या दुरुस्तीने हक्काखालचं पुस्तकही त्यांच्यासाठी, नफा न घेता, ऐकण्याजोगं करता येतं. मराकेश करार मान्य करणारा पहिला देश भारतच, आणि २०१६ पासून 'सुगम्य पुस्तकालय' त्यांच्यासाठी सुरू आहे. या सोयीची माहिती आपल्या गावोगावच्या वाचनालयांच्या फलकावर असायला हवी.

आता सगळ्यात नवा आणि सगळ्यात जोरकस आक्षेप. यंत्र वाचून दाखवतं, तेही फुकट, मग माणसाला मजुरी का द्यावी? बातमी, पाठ्यपुस्तक, सरकारी परिपत्रक यंत्राने वाचावं, मला काही अडचण दिसत नाही. अभ्यास करणाऱ्या दृष्टिहीन मुलाला तर ते वरदान आहे. पण जुन्या मराठीपाशी यंत्र अडखळतं, त्याची कारणं लिपीतच आहेत. च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार आपण एकाच अक्षराने लिहितो, आणि कोणता घ्यायचा हे वाक्य समजल्याशिवाय कळत नाही. शिवाय १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी जे अनुस्वार काढून टाकले, ते उच्चारात नसूनही हरिभाऊंच्या पानापानावर आहेत. मराठी माणूस ते डोळ्यांनी ओलांडतो, यंत्र ते नाकातून म्हणतं. सुधारेलही ते उद्या. तरी 'स्मृतिचित्रे' वाचताना लक्ष्मीबाई स्वतःवर हसतायत की रेव्हरंड टिळकांवर, हे आवाजात ठरवावं लागतं, आणि ते ठरवणं म्हणजेच पुस्तकाचा अर्थ लावणं. सुनीताबाई आणि पुलं बोरकर, मर्ढेकर, आरती प्रभू वाचून दाखवत तेव्हा श्रोत्याला कवितेबरोबर तिची समजही मिळत होती. मी मजुरी म्हणतो ती या समजेची.

मग ती द्यायची कोणी? रत्नागिरीपुरतं बोलायचं तर उत्तर जुनंच आहे. इथलं जिल्हा नगर वाचनालय १८२८ चं. राज्यात त्याच्याइतकी जुनी वाचनालयं फार थोडी. एकट्याला न परवडणारं पुस्तक सगळ्यांनी मिळून एकदा विकत घ्यायचं, हीच त्या काळापासूनची युक्ती. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने अशा संस्थांना सरकारी अनुदानाचा आधार दिला. पुस्तक विकत घेण्याऐवजी वाचून घ्यायचं, एवढाच बदल सुचवतो आहे. सुरुवात केशवसुतांपासून व्हावी. त्यांचं मालगुंड जिल्ह्यातच आहे आणि उपलब्ध कविता दीडशेच्या आत आहेत, म्हणजे काम काही तासांचं. मग 'पण लक्षात कोण घेतो?', आणि तीही एखाद्या चांगल्या अभिनेत्रीच्या आवाजात, कारण ती यमूनेच सांगितलेली आहे. मग चिं. वि. जोशींचा चिमणराव, जो १ जानेवारी २०२४ पासून मोकळा झाला आणि स्वतःच बडबडतो. वाचणारे मिळणार नाहीत अशी भीती कोणी घालू नये. इथे आकाशवाणीचं केंद्र आहे, राज्य नाट्य स्पर्धेत उतरणारी मंडळी आहेत, कीर्तनकार आहेत, निवृत्त शिक्षक आहेत. कठीण आहे ते वेळापत्रक. पावसाळ्यात पत्र्यावरच्या आणि कौलावरच्या आवाजाने ध्वनिमुद्रण होणार नाही, एप्रिल-मेमध्ये आंब्यामुळे कोणाला सवड नसते, गणपतीत आणि शिमग्यात तर विचारूच नये. उरला दिवाळीपासून माघापर्यंतचा काळ, तेवढ्यात वर्षाला दोन पुस्तकं व्हावीत.

हौसेवर का नाही भागवायचं, असं कार्यकारी मंडळात कोणी विचारणारच. कारण तासाभराच्या तयार ध्वनिमुद्रणामागे वाचणं, चुकलेलं पुन्हा वाचणं, काटछाट आणि ऐकून तपासणं असे तीन-चार तास सहज जातात. हौस तिसऱ्या प्रकरणाला संपते, हे अर्धवट सोडलेल्या वाचनांवरून दिसतंच. पैसे दिले की पूर्ण करून घेता येतं, आणि वाचकाकडून लेखी घेता येतं की या ध्वनिमुद्रणावर कोणाचाही हक्क राहणार नाही. हे कलम विसरलं तर आज केलेली फाइल आणखी साठ वर्षं कुलपात जाईल. घाईही थोडी आहे. १ जानेवारी २०२७ ला सावरकरांचं साहित्य मोकळं होईल. १९२४ ते १९३७ ते इथेच होते, त्यामुळे त्यांच्या पुस्तकांना रत्नागिरीत वाचक आणि वाद दोन्ही भरपूर मिळतील. १९६९ मध्ये आचार्य अत्रे गेले आणि अण्णाभाऊ साठेही गेले, त्या दोघांची पुस्तकं २०३० ला मोकळी होतील. अत्रे कोणीही वाचू शकेल. 'फकिरा'चं मात्र तसं नाही, त्याला वारणेकाठचा आवाज लागेल आणि तो कोकणातून आणून चालणार नाही. ते काम सांगली-इस्लामपूरच्या वाचनालयांनी आतापासून अंगावर घ्यावं.