प्लगांची कैफियत

मारुती व्हॅनचे, म्हणजे पुढे जिचे ओम्नी असे नामकरण झाले त्या गाडीचे, इंजिन पुढच्या आसनांखाली असते. आणि १९८४ पासून शाळकरी मुले, भाजीच्या करंड्या व लग्नाची वऱ्हाडे वाहणाऱ्या या गाडीत आपण कशावर बसलो आहोत याची दखलही कित्येक प्रवाशांनी कधी घेतली नसेल. आमची जुनी व्हॅन घाटाच्या चढावर मिस मारू लागली, तेव्हा आसन उचलून ७९६ सीसीच्या त्या तीन सिलिंडरांच्या यंत्राचे मी प्रथमच सावकाश दर्शन घेतले आणि प्लग आपल्याच हातांनी बदलण्याचा निश्चय केला.

या कामात घाईला सक्त मज्जाव आहे. सिलिंडरांचा माथा ॲल्युमिनियमचा, त्यामुळे तापलेल्या इंजिनातून प्लग काढू गेल्यास आटे दुखावतात. म्हणून रात्रभर निवलेल्या इंजिनालाच सकाळी हात घालावा, प्लगांभोवतीची धूळ सायकलच्या पंपाने उडवावी, आणि एका वेळी एकच टोपी काढावी, म्हणजे ठिणगीचा ठरलेला क्रम विस्कटत नाही.

परंतु मला खरा मोह पडला तो बाहेर निघालेल्या प्लगांचा. मिनिटाला ३००० फेरे घेणाऱ्या इंजिनात प्रत्येक प्लग सेकंदाला २५ वेळा ठिणगी पाडतो, हजारो व्होल्टांचा दाब सोसतो, आणि जिथे माणसाची दृष्टी पोहोचत नाही अशा त्या कोंडलेल्या अग्निगृहाची कैफियत स्वतःच्या अंगावर लिहून बाहेर येतो: फिकट बदामी रंग असेल तर दहन यथास्थित, कोरडी काजळी असेल तर पेट्रोलचे आधिक्य, पांढरट भाजलेपण असेल तर उष्णतेचा अतिरेक. असे दप्तर हाती आले असता नव्याच्या उतावळीत ते फेकून देणे मला अक्षम्य वाटते.

नव्या प्लगाचे अंतर फीलर गेजने तपासून तो प्रथम केवळ बोटांनी फिरवीत बसवावा. आट्यात आटा बिनतक्रार मिळत गेल्याची जी जाणीव बोटांना होते ती पान्याला होत नाही, आणि पान्याचा अंमल त्यानंतरचा, तोही अल्पसा.

दोन प्लग बदामी निघाले. तिसरा तेलाने ओला होता. नव्या प्लगांनिशी गाडी चढ सुरळीत चढते आहे खरी, तथापि तेल तिथवर पोहोचते ते बहुधा पिस्टनच्या झिजलेल्या रिंगांवाटे किंवा व्हॉल्व्हच्या सिलांवाटे. तो प्लग न पुसता कागदात बांधून मी फिटरकडे नेणार आहे. इंजिन उघडायचे की नाही, हे त्याने तो पाहूनच ठरवावे.