'हृदयक्रिया बंद पडून…'

बाघ नदीच्या अलीकडे, आमच्या राजेगावात, शाळेची भाषा हिंदी. पलीकडे गोंदियाच्या बाजूस मराठी. मृत्युवार्तेचे वाक्य मात्र दोन्ही तीरांवर एकच. 'हृदयक्रिया बंद पडून निधन' असे मराठीत, 'हृदयगति रुक जाने से' असे हिंदीत. भाषेच्या अध्यापकाला हे वाक्य खटकतेच. निधन झाले म्हणजे हृदय थांबणारच. त्यात कारण कोणते सांगितले? मृत्यूच्या कारणाच्या वैद्यकीय प्रमाणपत्रातही डॉक्टरांना सूचना असते की, कारणीभूत रोग लिहावा. हृदय बंद पडणे हा मृत्यूचा केवळ प्रकार होय, तो लिहू नये.

हा नुसता शब्दांचा वाद असता तर तो वर्गातच राहिला असता. परंतु गतवर्षी आमच्या थोरल्या काकूंच्या पायांवर सूज आली. रात्री तीन उशा घेतल्याखेरीज त्यांना श्वास पुरेना. डॉक्टरांनी 'हार्ट फेल्युअर' म्हणताच घरात रडारड सुरू झाली, आणि काकू मात्र खाटेवर बसून, "अरे, मी जिवंत आहे ना!" म्हणून सर्वांना दटावीत होत्या.

काकूंचेच खरे होते. या विकारात हृदय थांबत नाही. ते उणे पडते. शरीराला हवे तितके रक्त ते पुरवू शकत नाही, किंवा आतला दाब वाढवूनच पुरवते. मग फुप्फुसांत आणि पायांत पाणी साचते. २०२१ साली हृदयतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थांनी सर्वमान्य व्याख्या सिद्ध केली. तीनुसार धाप, सूज अशी लक्षणे हृदयाच्या रचनेतील वा कार्यातील दोषामुळे उद्भवलेली असावीत, आणि रक्ततपासणीचा किंवा साचलेल्या पाण्याचा पुरावा त्यांना जोडीस हवा.

निरोगी हृदयही डाव्या खालच्या कप्प्यातील सगळे रक्त एका ठोक्यात बाहेर टाकीत नाही. निम्म्याहून थोडे अधिकच टाकते. हे प्रमाण ४० टक्के वा त्याहून कमी झाले की हृदयाचे आकुंचन दुबळे समजतात. पण ५० टक्क्यांवर असूनही हा विकार असू शकतो, कारण ताठरलेले हृदय नीट भरतच नाही. काकूंचे तसेच होते. शेजारचे एक सुशिक्षित गृहस्थ इकोचा आकडा पाहून "काही नाही, वय झाले" म्हणून मोकळे झाले होते!

मला विचाराल तर 'हृदय-दुर्बलता' हा शब्द बरा. दुबळ्याला निदान औषध देता येते. काकू आता रोज सकाळी वजन करून कॅलेंडरवर लिहितात. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर पाणी साचू लागले असे समजून डॉक्टरांकडे जायचे, हे त्यांना पाठ आहे. लोणच्याच्या बरणीवरून मात्र सासू-सुनेचा तह अद्याप झालेला नाही.