वैमानिकाच्या पाठीमागे बसलेला

गोसीखुर्द, जि. भंडारा

ति. अण्णांस,

वैनगंगेवरच्या या धरणाला ३३ दरवाजे आहेत आणि त्यामागच्या पाण्याखाली कित्येक गावठाणं गेली आहेत. लोक नव्या वसाहतीत गेले, पण बरोबर गावाचं नाव घेऊन गेले. जवळच्या पवनीत १९६९-७०च्या उत्खननात स्तूपाचे दगड मिळाले. त्यांवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. त्या माणसांचं बाकी काही उरलेलं नाही. पुरायला देह नसतो, तिथे नाव कोरण्याला किती मोल असतं हे इथे पटतं, आणि म्हणूनच दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमानांतून गेलेल्या आपल्या माणसांबद्दल लिहितो आहे.

१९४४मध्ये आराकान आणि मणिपूरच्या आघाडीवर भारतीय हवाईदलाच्या ७ आणि ८ क्रमांकाच्या स्क्वाड्रन व्हेन्जन्स विमानं उडवत होत्या. ही विमानं जवळजवळ सरळ खाली सूर मारून बॉम्ब टाकत. पुढे वैमानिक आणि त्याच्या पाठीमागे दुसरा माणूस, मागची मशीनगन सांभाळणारा. सूर वैमानिक मारणार, जीव मात्र दोघांचा जाणार. ब्रिटनच्या बॉम्बर कमांडमध्ये ५५,५७३ जण मेले. त्या दलात लँकेस्टर विमानांवर नेव्हिगेटर असलेले शैलेंद्र एकनाथ सुखटणकर जिवंत परतले, पण तिथे परतणं हे नशीबच होतं. जे परतले नाहीत त्यांची नावं कुठे आहेत? इंडिया गेटवर पहिल्या महायुद्धातले आणि अफगाण युद्धातले सैनिक आहेत. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकावर २५,०००हून अधिक नावं आहेत, पण ती स्वातंत्र्यानंतरची. मधली पिढी दोन्हींतून निसटली. दक्षिण आणि पूर्व आशियाच्या आकाशात हरवलेल्या, कबर नसलेल्या राष्ट्रकुलातल्या हवाईसैनिकांची नावं सिंगापूरच्या क्रांजी इथल्या स्मारकावर आहेत. नोंद झाली, हे खरं. पण पवनी तालुक्यातल्या कुटुंबाने सिंगापूरला जाऊन हात जोडायचे का?

ते इंग्रजांसाठी लढले, असं कुणी म्हणेल. मग इंडिया गेटवरचे कुणासाठी लढले होते? शिवाय ७ आणि ८ क्रमांकाच्या स्क्वाड्रन आजही आपल्या हवाईदलात आहेत. त्यांचा वारसा आपण अभिमानाने सांगतो, तर त्यांचे मृतही आपलेच आहेत. दुसरा आक्षेप मला अधिक जड वाटतो: बॉम्बखाली निरपराध लोक मेले. हँबुर्ग आणि ड्रेस्डेन विसरता येणार नाहीत, विसरूही नयेत. पण लक्ष्य ठरवणारे वेगळे होते, आणि नाव कोरणं म्हणजे हल्ल्याला शाबासकी देणं नव्हे. इतिहासाने त्या हल्ल्यांचा जाब जरूर मागावा. त्यासाठी मेलेल्याचं नाव पुसण्याची गरज नाही.

म्हणून अण्णा, तुमच्या ओळखीच्या माजी सैनिकांना एवढं सांगा: जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे १९३९ ते १९४५मध्ये गेलेल्यांची गाववार यादी मागा, आणि तीत वैमानिकाइतक्याच मोठ्या अक्षरांत मागे बसणाऱ्याचंही नाव लिहायला लावा.

आपला,
धाकटा