दोघांची मजुरी, एकाच्या हाती

आम्ही बीड जिल्ह्यात शिकवतो. दिवाळी सरली की वर्ग विरळ होतात. मुले आईवडिलांसोबत पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला जातात.

या कामात नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरतात. मुकादम हंगामाआधी उचल देतो ती कोयत्यावर, आणि ती बहुधा नवऱ्याच्याच हाती पडते. फडात तो ऊस तोडतो. ती मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते. पहाटेच्या भाकरी, पाणी, लेकरेही तिच्याकडेच. ती आजारी पडून खाडा झाला, तर तो मात्र हिशेबात नेमका धरला जातो.

समान कामाला समान वेतन देणारा कायदा १९७६ साली झाला. पण बाईची मजुरी वेगळी लिहिलीच जात नाही, मग ती कमी की बरोबर, हे ताडायचे कशावरून?

मेहर बाईचा स्वतःचा हक्क, हे आपल्या घरांत लहान मुलीही जाणतात. मग तिच्या घामाचा पैसा तिच्या नावावर का नसावा? शाळेच्या अर्जात आईच्या व्यवसायापुढे बहुतेक पालक ‘घरकाम’ सांगतात. आम्ही तिथे ‘ऊसतोड’ लिहून घेतो. मुकादमाच्या वहीतही तिचे नाव आणि रक्कम वेगळी लिहिली गेली पाहिजे.