वजा बत्तीस

गेल्या गणपतीत, आरती झाल्यावर, हातात मोदकाची वाटी घेऊन मी आमच्या अण्णा नगरातल्या घरी चारचौघांत एक विधान केलं होतं. "दुसऱ्या प्रोसेसरवर सॉफ्टवेअर नेत बसणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे. कोड नीट असेल तर पुन्हा कंपाइल करायचा, की झालं. आणि तरीही चालला नाही तर तो प्रोसेसर कच्चा!"

विषय निघाला होता शक्ती या प्रोसेसरवरून. आयआयटी मद्रास आमच्याच गावात, अड्यारकडे. तिथे 2014 च्या सुमारास रिस्क-फाइव्ह या खुल्या आज्ञासंचावर प्रोसेसर घडवायला सुरुवात झाली आणि 2018 मध्ये त्यांच्या चिपवर लिनक्स सुरूही झालं. पण ती चिप तयार झाली इंटेलच्या परदेशातल्या कारखान्यात, हा टोमणा मी आवर्जून मारला. त्याच वर्षी चंदिगढच्या सरकारी कारखान्यातून निघालेली दुसरी चिप मला ठाऊक होती. ती मी सोयीस्करपणे गाळली.

ते विधान मी आता मागे घेतोय. सगळं नाही, पण बरंचसं.

माझं एक छोटं मुक्तस्रोत अवजार आहे. मराठी मजकूर दिला की ते शब्द मोजतं, शब्दांची सरासरी लांबी सांगतं, अशी आणखी काही किरकोळ कामं करतं. अकरा वर्षांपूर्वी सी भाषेत लिहिलं. ते वेगवान आहे याचा मला गर्व, आणि अकरा वर्षांत मोडलं नाही याचा त्याहून जास्त.

खालच्या मजल्यावरची मुलगी इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी तिनं व्हिजनफाइव्ह 2 नावाचा रिस्क-फाइव्हवर चालणारा बोर्ड घेतला, त्यावर डेबियन लिनक्स चढवलं आणि सरावाला म्हणून माझं अवजार उचललं. तिला मराठी वाचता येत नाही, म्हणून नमुन्याची फाइल माझ्याकडूनच नेली. संध्याकाळी लॅपटॉप घेऊन वर आली. पडद्यावर दोन ओळी होत्या: एकूण शब्द 0, सरासरी लांबी वजा 1.

मी खो खो हसलो. "अगं, तुझ्या बोर्डाला भागाकारसुद्धा येत नाही!" बायकोनं तिच्यापुढे कॉफी ठेवली आणि माझ्याकडे जरा रागानं पाहिलं. मुलगी कॉफी पिऊन, काही न बोलता खाली गेली.

तीन दिवसांनी परत आली ती हातात कागद घेऊनच. म्हणाली, "अंकल, उंग कोडुदान तप्पु." तुमचाच कोड चुकलाय.

भानगड अशी होती. युनिकोडच्या यूटीएफ-8 पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइट घेतं आणि त्यातला पहिला बाइट नेहमी 224 असतो. क असो, ळ असो, वेलांटी असो, 224 ठरलेला. आता सी भाषेत 'कॅर' नावाचा जो एका बाइटचा प्रकार आहे, त्यात ऋण संख्या बसतात की नाही, हे भाषेच्या प्रमाणग्रंथानं मुद्दाम मोकळं सोडलंय. इंटेलच्या घराण्यातल्या लिनक्सवर बसतात. तिथे 224 हा आकडा वजा 32 म्हणून वाचला जातो. यावर खूश होऊन मी अकरा वर्षांपूर्वी पळवाट काढली होती: बाइट शून्याहून लहान असेल तर मराठी, नसेल तर इंग्रजी किंवा विरामचिन्ह. एका तुलनेत काम तमाम.

रिस्क-फाइव्हच्या लिनक्सवर हाच प्रकार धन असतो. 224 हा 224च राहतो, शून्याखाली जातच नाही. माझ्या अवजाराला अख्खा लेख विरामचिन्हांचा दिसला, म्हणून शब्द शून्य. मग सरासरी काढताना मी शून्यानं भागलं. इंटेलवर तिथे प्रोग्रॅम कोसळला असता. रिस्क-फाइव्ह थांबत नाही. शून्यानं भागलं तर सगळे बिट 1 असलेलं उत्तर द्यायचं, म्हणजे वजा 1, असा त्याचा लेखी नियम आहे. तो पाळणाऱ्या बोर्डाला मी अडाणी ठरवून मोकळा झालो होतो! (रिकामी फाइल देऊन घरच्या इंटेल मशीनवर पाहिलं. कोसळला. अकरा वर्षांत कुणी रिकामी फाइल दिली नव्हती, मीसुद्धा नाही.)

तरी मी वाद घातला. म्हटलं, माझा मॅक एआरएमवर चालतो आणि त्यावर हे अवजार ठणठणीत आहे. एआरएमच्या लिनक्सवरही हा प्रकार धनच असतो. पण ॲपलनं आपल्या मशीनवर तो ऋणच ठेवलाय, हे त्या पोरीनं मला सांगितलं. म्हणजे जो पुरावा मी छातीठोकपणे मिरवत होतो, तो ॲपलनं माझ्यासारख्यांची चूक पोटात घातल्याचा पुरावा होता.

यावर सोपा उतारा होता. कंपायलरला '-एफसाइन्ड-कॅर' एवढं सांगितलं की तो सगळीकडे इंटेलसारखं वागतो. मी तेच करणार होतो. ती म्हणाली, मग मी माझ्या अहवालात काय लिहू, चूक झाकली? मी गप्प बसलो. पुढचे दोन शनिवार-रविवार आम्ही बाल्कनीत बसून, टॉवर पार्ककडून येणारा गार वारा खात, एकूण 43 जागी प्रकार बदलले. कुठे इंग्रजी अक्षर तपासायच्या फंक्शनला ऋण आकडा जात होता, कुठे दोन बाइटांची वजाबाकी भलतीकडे वळत होती. फंक्शनची चूक तर इतकी वर्षं लपली, कारण इंटेलच्या लिनक्सवरची लायब्ररी सांभाळून घेत होती.

हे करताना मला एक जुनी तक्रार आठवली, आणि ती या सगळ्यात मला सर्वांत जास्त बोचली. चार वर्षांपूर्वी कुणीतरी रास्पबेरी पायवरून, म्हणजे एआरएमच्या लिनक्सवरूनच, कळवलं होतं की मराठी शब्द शून्य येतात. मी 'माझ्याकडे चालतंय' एवढंच लिहून ती बंद केली होती. ते गृहस्थ एखाद्या शाळेत मुलांसाठी ते बसवत असतील, असं मला आता उगीचच वाटत राहतं.

मागे न घेतलेलं काय, तेही सांगतो. त्या बोर्डावर माझं अवजार रखडत चालतं. इंटेलच्या खास आज्ञा वापरून मी हातानं लिहिलेला वेगवान भाग तिथे निरुपयोगी आहे आणि बोर्डात व्हेक्टर आज्ञा नाहीत, त्यामुळे तसाच पर्याय लिहिण्याची सोयही नाही. स्वदेशी चिपचे ढोल मला अजूनही कर्कश वाटतात. हा बोर्डसुद्धा चिनी चिपचा आहे, हे मी तिला ऐकवलंच. ती म्हणाली, असू दे की, शक्तीही हीच भाषा बोलते. हे मात्र मला त्या गणपतीत सुचायला हवं होतं.

ती जुनी तक्रार मी पुन्हा उघडली. दुरुस्ती झाल्याचं लिहिलं, माफी मागितली, आणि तो पाय अजून चालू आहे का म्हणून विचारलं. त्याला आता सात आठवडे झाले.